कापलेली नळी

किन्हवलीच्या आमच्या शेतात रानडुकरं भात तुडवायची, म्हणून वडिलांकडे परवान्याची बंदूक होती. म्हातारपणी ती त्यांना पेलेना. कुणाला न विचारता त्यांनी लोहाराकडून तिची नळी कापून आखूड करून घेतली. निवडणुकीआधी बंदूक जमा करायला आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा हवालदाराने टेप लावून नळी मोजली.

"बाबा, नळी कापलीत? आता परवान्याचा काय उपयोग नाय. हा गुन्हा आहे."

"हात थरथरतात रे, म्हणून कापली," वडील म्हणाले.

बंदूक जप्त झाली, खटला उभा राहिला. दर तारखेला मी त्यांना शहापूरच्या कोर्टात घेऊन जायचो. निकालाआधीच ते गेले. मी कोर्टात मृत्यूचा दाखला दिला आणि खटला बंद झाला. "सुटलात," वकील म्हणाले.