चौथ्या लेकराला रकाना नव्हता

नव्वदच्या दशकात शेवगावातल्या एका संस्थेच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मला घेतलं. नगरला सहा महिन्यांचा कोर्स केलेली मी एकवीस वर्षांची पोरगी. पण आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. आसपासच्या गावांतल्या मुलांच्या लसीकरणाची नोंद रजिस्टरातून कॉम्प्युटरवर घ्यायची आणि कोणाची कोणती लस राहिली त्याची गाववार यादी दर महिन्याला छापायची, हे माझं काम.

मी एका आईला एक ओळ दिली. आईचं नाव, गाव, मग पहिलं मूल, दुसरं मूल, तिसरं मूल, असे रकाने. आमच्या घरी आम्ही दोघीच बहिणी, त्यामुळे तीन म्हणजे मला सढळ हाताने दिल्यासारखं वाटलं.

पहिली यादी घेऊन आमच्या नर्सबाई सकाळच्या एसटीने गावाला गेल्या. पन्नाशीच्या, वीस वर्षं खेडोपाडी फिरलेल्या. दुपारी परतल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. लसींची थंडपेटी अजून खांद्यालाच.

"ताई, ही बाई बघा," त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "हिला चार लेकरं हायेत. तुमच्या यादीत तीनच. गोवरची लस राहिली हुती ती नेमकी धाकटीची."

"तीनच बसतात, सिस्टर. चौथ्याला जागा नाही."

"जागा न्हाई म्हंजे? लेकरू तर हाय की!"

रजिस्टरात ती मुलगी होती. भरताना मीच तिला गाळलं होतं, आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. 

"मग टोचली का तिला?"

"टोचली. मी वळखते म्हणून. उद्या माझ्या जागी दुसरी कोण गेली तर?"

मी म्हटलं, सहा रकाने करते. त्या म्हणाल्या, "आन् सातवं झालं तर?"  शेवटी मी त्यांनाच विचारलं, "तुम्ही कशी लक्षात ठेवता एवढी मुलं?"

पेटी खाली ठेवून त्या बसल्या. "मी आईला लेकरं विचारतच न्हाई. मोजताना एखादं इसरती ती. कुणी आजीकडं असतं, कुणी शेतात. म्हणून लेकरू दिसलं की त्यालाच विचारते, कोणाचं रं तू? लेकरं कितीबी असूंद्या, लेकराची आई एकच असती."

मी ताडकन उठले. उत्तर एवढं सरळ होतं! दोन फायली करायच्या. एकीत आया, प्रत्येकीला एक नंबर. दुसरीत मुलं, प्रत्येकाची स्वतंत्र ओळ आणि त्या ओळीत आईचा नंबर. मग लेकरं किती, हा प्रश्नच उरत नाही.

ते ऐकून दवाखान्याचे डॉक्टर वैतागले. "अगं, महिनाभराचं काम ते! पुन्हा सगळं?"

"पुन्हा, सर. पण आता रजिस्टरातलं एकही मूल सुटणार नाही," मी म्हणाले. या वेळी मला खरंच माहीत होतं मी काय बोलतेय.

बारा दिवस लागले. गावाला जायचं नसेल त्या सकाळी नर्सबाई शेजारी बसून रजिस्टर वाचून दाखवायच्या. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर मांडणी केली: वर आई, खाली तिची मुलं, दहापेक्षा जास्त झाली तर बाणाचं बटण दाबून खाली सरकायचं. नर्सबाईंनी काचेवर बोट ठेवून चारही नावं मोजली.

"आली धाकटी," त्या म्हणाल्या आणि लगेच पुढे, "पन वाडीवरच्या त्या पोराचं काय? आई वारली त्याची. मावशी सांभाळती."

मी आईचा नंबर तसाच ठेवला आणि मुलाच्या ओळीत एक रकाना वाढवला: सध्या कोणाकडे. ते पोर मावशीच्या गावच्या यादीत छापून आलं.

पुढच्या फेरीहून नर्सबाई आल्या तेव्हा यादीच्या पाठीमागे पेनने अकरा नावं लिहिलेली होती. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं, आमच्या रजिस्टरात कधीच नसलेली. प्रत्येक नावापुढे आईचं नाव त्यांनी आठवणीने विचारून आणलं होतं. त्या वाचत गेल्या, मी आयांना नवे नंबर देत गेले. पाचला मशीन बंद करायचा नियम होता; त्या दिवशी सहा वाजले. एकही नाव अडलं नाही.