रांगोळ्यांची बातमी

ऐंशीच्या सुमारास आम्ही सहा-सात चित्रकारांनी नाशिकमध्ये स्वतःचा गट काढला आणि एका शाळेच्या सभागृहात पहिलं प्रदर्शन भरवलं. गटात बाई मी एकटीच. दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात बातमी आली, 'गृहिणीच्या रांगोळ्यांना रसिकांची दाद'. अहो, ती माझी तैलचित्रं होती!

तणतणत मी पेपरच्या कचेरीत गेले. उपसंपादक चहा पीत म्हणाले, "ताई, बातमी आली हे काय कमी आहे?" बराच वाद घातल्यावर त्यांनी दुरुस्ती छापली, 'त्या रांगोळ्या नसून भरतकाम होते'. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटच्या दिवशी चांदवडहून दोघी बहिणी एसटीनं आल्या, खास भरतकाम बघायला. "इथं तर नुसती चित्रंच हायेत," धाकटी हिरमुसून म्हणाली. मी चिडूनच सगळी हकिगत सांगितली. त्या पोट धरधरून हसल्या आणि मग एकेका चित्रापाशी थांबत सगळं प्रदर्शन बघून गेल्या. मला काही हसू आलं नाही.

पुढच्या प्रदर्शनाची बातमी मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून कचेरीत नेऊन दिली. ती छापूनच आली नाही.