सासऱ्यांची जीप आणि माझं ट्यूनिंग

आमच्या सासऱ्यांनी मला मुलगी दिली, जीपची किल्ली मात्र दिली नाही. आठ वर्षं मागत होतो! पण फौजेत हयातभर गाड्या चालवलेला माणूस. म्हणायचे, "जावईबापू, जीप म्हंजे काय खेळ हाय व्हय?"

खेळातही अक्कल लागते हे दाखवायला मी यंदा दिवाळीला कराडहून त्यांच्या इस्लामपूरजवळच्या गावी सगळा सरंजाम नेला. लॅपटॉप, स्टिअरिंग, पायाखालची पेडलं. ("आवं, चकलीचा डबा कुठं ठेवू?" बायकोने विचारलं. तो तिच्या मांडीवर आला.) माझ्याकडे गाड्यांच्या शर्यतीचे दोन गेम होते. त्यातला जास्त खरा कुठला, याचं कुतूहल मला कितीतरी दिवस होतं. खऱ्या ड्रायव्हरशिवाय ते सांगणार कोण?

पहिल्या गेममध्ये सासऱ्यांनी गाडी सरळ भिंतीवर घातली. गाडी उसळली, गिरकी घेतली आणि तशीच पुढे पळाली.

"खोटं हाय," ते म्हणाले. "बंपर तरी जायाला पायजे हुता."

दुसऱ्यात मात्र टायर तापतात, घसरतात, त्यांत हवा किती ठेवायची तेही आपणच ठरवायचं. सासरे खुर्चीत पुढे सरकले. प्रत्येक वळणाला गाडी हळू करून हॉर्न शोधू लागले, आणि शेवटून पहिले आले!

"हरलात, मामा."

"हरलो? गाडीला वरखडा तरी हाय का?"

मग मी बसलो. टायरची हवा कमी केली, मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या आणि पहिला आलो. सासऱ्यांनी पडद्यावरच्या टायरवर बोट ठेवलं. "हवा सोडली की पकड वाढती. वाळवंटात आमीबी सोडायचो. ह्यो गेम खरा हाय," असं म्हणून उठले आणि खुंटीवरची किल्ली माझ्या हातात ठेवली!

"चला, मळ्यात एक चक्कर मारू."

निघालो झोकात. पण उतारावर वळण आलं आणि अंगातली सवय जागी झाली. गेममध्ये मी ब्रेक डाव्या पायाने मारतो. (तिथे दोनच पेडलं. क्लच गेम स्वतः सांभाळतो. एवढा खरा गेम!) मी डावा पाय जीव खाऊन दाबला. जीप मोकाट सुटली.

"मामा, ब्रेक लागत नाही!"

"आवं, त्यो क्लच हाय! क्लच!"

मी आणखी जोरात दाबला. जीप ऊस मोडत, पाणी पाजलेल्या सरीत जाऊन रुतली. समोरचा दिवा फुटला. पुन्हा सुरू करायचं बटण मी स्टिअरिंगवर बोटाने दोनदा शोधलंसुद्धा!

सासूबाई, बायको, शेजारचे दोघं, सगळे धावत आले. सासऱ्यांनी फुटका दिवा पाहिला, मला पाहिलं. आता मुलगीही परत मागतात की काय! पण ते सरळ स्टिअरिंगवर जाऊन बसले. मागची चाकं जागीच गरगरली आणि चिखल माझ्या दिवाळीच्या शर्टावर.

"मागं वजन कमी पडतंय," ते म्हणाले. "जावईबापू, चढा."

मी मागे चढलो. जीप एका झटक्यात बाहेर!

"हां! आता ट्यूनिंग जमलं बगा."

तेव्हापासून मळ्यात चिखल झाला की कराडला फोन येतो, "जीप काढायची हाय. येताय न्हवं?" मी ऑफिसात सगळ्यांना ऐटीत सांगतो, सासऱ्यांची जीप माझ्याशिवाय हलत नाही. पंच्याण्णव किलो आहे मी, तेही उपाशीपोटी!