बेड नंबर सातची विनंती

हॉस्पिटलात सगळे त्याला दरवान म्हणत. खरा दरवान फाटकावर असायचा, हा तळमजल्यावर, लिफ्टशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत. पण काम तेच. हॉस्पिटलच्या नेटवर्कला जे काही जोडून घ्यायचं असेल, मग तो डॉक्टरांचा लॅपटॉप असो की रक्त तपासायचं यंत्र, त्यानं आधी विनंती पाठवायची. सॉफ्टवेअर त्याचा नंबर नोंदीत शोधणार. सापडला तर आत, नाही तर बाहेर. प्रत्येक विनंतीची एक ओळ दरवानाच्या पडद्यावर उमटायची: कोण, कुठून, किती वाजता, घेतलं की नाकारलं. नाकारलेल्यांतला आपला कोण आणि उपटसुंभ कोण, हे निवडण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती.

उपटसुंभ बहुतेक नातेवाइकांचे फोन. एकदा नाही म्हटलं तरी मिनिटाला चारदा विचारणारे, लोचट मेले. दिवसाला नऊ-नऊ हजार ओळी. शेवटी वैतागून त्यानं सॉफ्टवेअरमध्ये एक नियम घातला: लागोपाठ दहादा नाकारलेलं यंत्र यादीत दिसूच नये. नियमाला नाव दिलं 'कटकट'. यादी आरशासारखी लख्ख झाली आणि साहेबांनी पाठ थोपटली. आळसाला हुशारीचं बक्षीस मिळतं ते असं!

मग तिसऱ्या मजल्यावरचा बेड नंबर सातचा मॉनिटर दुरुस्त होऊन आला. पेशंटचे ठोके मोजून ते नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर पाठवणारं हे यंत्र. मेकॅनिकनं त्याचं नेटवर्क कार्ड बदललं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. नवं कार्ड म्हणजे नवा नंबर, आणि नवा नंबर म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी परका. मॉनिटरनं दहादा विचारलं आणि तो कटकटीत गेला.

वॉर्डातल्या सिस्टरनं सकाळीच फोन केला. "दादा, सात नंबर पडद्यावर दिसत नाहीये हो."

त्यानं यादी पाहिली. "माझ्याकडे काही अडलेलं नाही, सिस्टर. वायर बघा."

तिनं वायर काढली, पुसली, परत लावली. बत्तीस पेशंट आणि ती एकटी. दुपारी ती दुसऱ्या टोकाला सलाईन लावत असताना सातमधल्या आजोबांचे ठोके बिघडले. मॉनिटर ओरडत राहिला, पण बंद दाराआड. पंधरा मिनिटांनी ती पोचली. आजोबा वाचले, पण वाचा गेली ती गेलीच.

लिफ्टपाशी सात नंबरचा गलका ऐकून दरवानानं नियम बाजूला करून पाहिलं, आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. बाराशे ओळी. एकच यंत्र, दर पंधरा सेकंदांनी, सकाळपासून दार ठोठावत होतं. त्यानं मुकाट्यानं नवा नंबर नोंदीत घातला. वरच्या पडद्यावर सात नंबर उगवला.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "तुम्हाला कुणी विचारलंय?"

"अजून नाही."

"मग स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेताय? रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत."

त्याला हेच ऐकायचं होतं. नाही तर त्यानं तिला सांगितलंच नसतं.

चौकशीला साहेब आणि दोन डॉक्टर बसले. त्याला दोन प्रश्न विचारले. त्या दिवशी नेटवर्क चालू होतं का? "चालू होतं." सिस्टरचा फोन आला होता का? "आला होता." दोन्ही उत्तरं खरी. नरो वा कुंजरो वा! त्याच्या दुसऱ्या उत्तरावर साहेबांनी सिस्टरकडे मान वळवली. "म्हणजे पडदा कोरा आहे हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं. तरी दर दहा मिनिटांनी खोलीत जाऊन बघितलं नाही?" दरवान टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. आठवड्यात तिला काढलं.

नोकरी सोडणाऱ्याचा फोन नोंदीतून काढायचा आणि कागदावर सही घ्यायची, हेही दरवानाचंच काम. ती आली, खुर्चीच्या कडेवर टेकली, सही केली.

"दादा, त्या खोलीत एक तुम्हीच माझ्या बाजूनं बोललात. फोन आला होता म्हणालात. बाकी सगळ्यांनी हात वर केले. तुमचे उपकार विसरणार नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाराशे ओळी अजून मशीनमध्ये होत्या. पडदा तिच्याकडे वळवला असता तरी पुरे होतं. त्यानं कागद फाईलला लावला.

दाराशी जाऊन ती थबकली. "पण एक सांगा ना दादा, मला रात्री झोप लागत नाही. दिवसभर न दिसणारा सात नंबर, सगळं झाल्यावर आपोआप कसा काय दिसायला लागला?"

"होतं कधी कधी तसं," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली. जाणकार माणसानं सांगितलं, म्हणजे तसंच असणार. ती गेल्यावर त्यानं तिचा नंबर शोधला आणि नोंदीतून काढून टाकला.