वर राहिलेला हात
आवराआवर करताना वडिलांचा जुना कोट हातात आला. त्याच्या खिशाला अजून खडूचा वास होता, आणि त्या वासाबरोबर भोरच्या शाळेतला नववीचा वर्ग आठवला. वडील आम्हाला इंग्रजी शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर ‘पर्सिव्हरन्स’ लिहिलं आणि अर्थ विचारला. मी लगेच हात वर केला. चिकाटी, हे आदल्या रात्री जेवताना त्यांनीच मला सांगितलं होतं. पण त्यांनी आंबवड्याकडच्या वाडीवरून येणाऱ्या मुलीला उठवलं. एसटी चुकली म्हणून ती चालत आली होती, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेले. “मला न्हाई येत, सर,” ती म्हणाली. वडील हसले. “अगं, एसटी चुकल्यावर घरी का नाही बसलीस? तोच त्याचा अर्थ.” वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझा हात वरच होता. घरी आल्यावर ते म्हणाले, “तुला येतं, हे मला ठाऊक होतं गं.” मला ते वर्गात ऐकायचं होतं. परवा त्यांच्या दहाव्याला ती आली आणि ओट्यावर बसून खूप रडली. मी शेजारीच उभी होते, कोरड्या डोळ्यांनी. गावाकडच्या एका आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, “तू सरांची लेक व्हय गं?” ती नाही म्हणाली, पण लगेच नाही.