ताउनोचा अंगठा आणि हिरवं तळं

ताउनो पेसोनेनचं जन्मात कुणाशी वैर झालं असेल, तर ते पाइक माशाशी. एका शनिवारी सौनातून, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या खोलीतून, लालबुंद होऊन निघाला, धक्क्यावर बसून त्याने तळ्यात पाय सोडले आणि एक पाइक त्याच्या अंगठ्याला कडकडून चावला. झालं! गडी इरेला पेटला. उन्हाळ्यात होडीतून गळ, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गळ. घरात रोज पाइकचा रस्सा, नाहीतर पाइकचे वडे.

"चावला एक, आणि खानदान अख्खं सुळावर?" बायको ओनेर्वा म्हणायची.

"त्यांनी सुरुवात केली," ताउनो म्हणायचा.

काही वर्षांत तळ्यात औषधालाही पाइक उरला नाही. आणि एका ऑगस्टमध्ये तळं हिरवं झालं, गावात दर गुरुवारी शिजणाऱ्या वाटाण्याच्या सुपाइतकं दाट. ताउनोने काठी बुडवून पाहिली. काठीला तंतू लोंबले असते तर काळजी नव्हती, पण ती हिरवी साय पाण्यातच विस्कटली. म्हणजे विषारी शेवाळ. कुत्रं बांधून ठेवलं, डुबकी बंद. ओनेर्वा पलीकडच्या तळ्यावर बहिणीच्या सौनात जाऊ लागली.

डुबकीवाचून सौना ताउनोला सोसेना. अंग भाजलेलं आणि जीव कोरडा! शेवटी तो पागोळ्यांच्या पिंपात उतरला. उतरला तो अडकलाच.

त्याच्या हाका ऐकून ओनेर्वा धावत आली. बरोबर तिची भाची साइमी होती. तळ्यांचं पाणी तपासणं हीच तिची नोकरी. दोघींनी ओढलं, पण ताउनो हलेना.

"काका, आता बसलाच आहात तर ऐका," साइमी म्हणाली. "शेवाळाला पोसणारं शेतातलं खत तळ्यात पूर्वीही यायचं. पण पाइक बारकी मासळी खायचे. पाइक गेले, मासळी माजली. शेवाळ चरणारे पाण्यातले इवलेसे किडे तिने फस्त केले. शेवाळाला रान मोकळं."

"म्हणजे तळ्याचा राखणदार ह्याने बटाट्यांबरोबर खाल्ला," ओनेर्वा म्हणाली. "पाइक परत सोडतोस का? नाहीतर बस तसाच."

ताउनोने पिंपाची कड धरून पुन्हा एकदा जोर लावला. मग पाणी गार लागायला लागलं.

"सोडतो," तो पुटपुटला. दोघींनी पिंप आडवं पाडलं, तेव्हा कुठे स्वारी सुटली.

वसंतात त्याने पाइकची पिल्लं आणली. एकेकाला दम देऊन सोडलं. जाळं लावून बारकी मासळी उपसली. तरी तळं काही लगेच ऐकेना. किती उन्हाळे तो धक्क्यावर बसून नुसता हिरव्या पाण्याकडे बघत राहिला, आणि त्याला फार वाईट वाटायचं.

मग एका शनिवारी पाण्यात सोडलेल्या पायांची बोटं त्याला दिसली. दहाच्या दहा. तो बघतच राहिला, आणि खालून काहीतरी सळकन आलं.

बोंब ऐकून ओनेर्वा सौनातून तशीच पळत आली. ताउनो अंगठा धरून बसला होता, डोळ्यांत पाणी.

"फार लागलं का रे?"

"आपण सोडलेल्या पिल्लांतलाच आहे गं," तो म्हणाला. "केवढा मोठा झालाय!"

आणि त्याने पाण्यात उडी मारली.