पासष्ट इंचांचा काळा चौकोन

आमच्या गल्लीत असं एकही घर नव्हतं, ज्याच्या भिंतीवर रंगारीकाकांचा ब्रश फिरला नव्हता. माणूस कामाला वाघ, पण एक खोड भारी. गिऱ्हाईक दुकानातल्या रंगाच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणायचं, "हा द्या." काका मान हलवायचे. "इथे ठरवायचं नाही. आधी तुमच्या भिंतीवर एवढासा तुकडा रंगवतो. चार दिवस त्याच्यासमोर बसा, उठा, जेवा, भांडा. मग सांगा." दुकानातला रंग नवरदेवासारखा असतो, असं ते म्हणायचे, छान नटून बसलेला. खरा स्वभाव घरी आल्यावर कळतो.

एका डॉक्टरीणबाईंनी हट्टाने लिंबाचा पिवळा निवडला होता. काकांनी भिंतीवर हातभर तुकडा रंगवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं, नवरा चहाचा कप घेऊन त्या तुकड्यासमोर बसला, आणि बाईंनी घाबरून त्याच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून काविळीची तपासणी सुरू केली! रंग बदलला, नवरा बरा झाला. काका ही गोष्ट सांगायला लागले की काकू आतून ओरडायच्या, "झाली ना सुरू कावीळ!"

काकूंचंही एक होतं. त्यांची उभी हयात एका सिनेमाघराच्या तिकीटखिडकीत गेली. सिनेमे शेकडो पाहिले, पण सुरुवात एकाचीही पाहिली नाही. उशिरा येणारा शेवटचा माणूस आत गेला की खिडकी बंद करून त्या अंधारात शिरायच्या, तोवर नायक-नायिकेचं भांडण होऊन गेलेलं असायचं. ते कशावरून झालं, हे त्यांना कधीच कळलं नाही. घरी काका-काकूंचं भांडण झालं की त्या म्हणायच्या, "निदान ह्याची सुरुवात तरी मी पाहिली आहे."

गुडघ्यांनी आणि शिडीने संगनमत करून काकांना घरी बसवलं, आणि नेमका त्याच सुमारास घरातला जुना टीव्ही गेला. आधी पडद्यावर एक आडवी रेघ आली. काका म्हणाले, "भिंतीला चीर पडते तशी आहे, वाढणार." वाढली. मग सगळंच काळं झालं.

टीव्ही गेला आणि घर पांगलं. काकू स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून सिनेमे बघू लागल्या. लेक चिमणी (मोठी झाली तरी नाव तेच) हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधायची. घरी आली की खोलीचं दार लावून, कानावर ते मोठे हेडफोन चढवून, छोट्याशा पडद्यावर गाड्या पळवायची. बाहेरच्या खोलीत उरले काका आणि सोफा. काका सोफ्याशी बोलायचे, पण सोफा हूं की चूं करायचा नाही.

एका संध्याकाळी त्यांनी तिघांचा चहा केला आणि हाक मारली. काकूंनी आतूनच हात बाहेर काढला. चिमणीच्या दारावर टकटक केली, तर कप आत ओढला गेला. काका आपला कप घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि त्यांनी मनाशी ठरवलं: असा टीव्ही आणायचा, की दोघीही आपापल्या बिळातून बाहेर आल्या पाहिजेत. स्वस्तातला नाही, दणदणीत.

ठरवणं सोपं होतं. दोघींना एक टीव्ही पटवणं म्हणजे एकाच भिंतीला दोन रंग.

"मला काळं म्हणजे काळं पाहिजे," काकू म्हणाल्या. "रात्रीचा प्रसंग असला की रात्र वाटली पाहिजे. मोबाइलवर सगळे धुक्यात हरवल्यासारखे दिसतात."

"मला वेग पाहिजे," चिमणी म्हणाली. "बटण दाबलं की गाडी तेव्हाच वळली पाहिजे. जुन्या टीव्हीवर मी वळवायचे आणि गाडी विचार करून वळायची."

"तुझ्या बाबांसारखी," काकू म्हणाल्या.

तिघं दुकानात गेले. तिथे भिंतभर टीव्ही, प्रत्येकात तोच पोपट, आणि त्याचा हिरवा असा की काकांनी डोळ्यांवर हात धरला. "काय हे! सगळे डबे एकाच बादलीत ओतलेत की काय?"

विक्रेती चष्मेवाली मुलगी होती, हसरी. "दुकानात असंच ठेवतात काका, लांबून दिसावं म्हणून. थांबा." तिने दिवे मंद केले, दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले आणि समजावून सांगितलं. हा ओलेड. ह्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, स्वतः विझतो. म्हणून काळं ते काळंच, पण भर उन्हात जरा दबतो. तो दुसरा उन्हाला भीत नाही, पण अंधारात त्याचं काळं थोडं राखाडी पडतं.

काकूंनी एक सिनेमा लावायला सांगितला आणि लगेच नाक मुरडलं. "हे लोक घसरगुंडीवरून आल्यासारखे काय चालतायत? हा सिनेमा नाही बाई, मालिका आहे."

मुलगी खूश झाली. तिने सेटिंगमध्ये जाऊन चित्र उगाच गुळगुळीत करणारी सोय बंद केली. काकू पुढे वाकल्या. "आता कसं! आता थिएटर."

मग चिमणीची पाळी. गेम मोड आहे का, सेकंदाला एकशेवीस चित्रं येतात का, केबल लावायच्या किती खाचांवर ती चालतात, मागे वायरी कुठून जातात... मुलीने गेमचा रिमोट तिच्या हातात दिला. चिमणीने गाडी वळवली, गाडी तिथल्या तिथे वळली, आणि तिच्या तोंडून जी शिट्टी निघाली ती काकांनी तिच्या शाळेच्या दिवसांनंतर ऐकली नव्हती. ओलेडवर दोघींचं एकमत झालं. काका चकित. एकमत ही वस्तू त्यांच्या घरात गोदामातही शिल्लक नव्हती.

पण आकारावर गाडं अडलं. पंचावन्न इंची की पासष्ट?

"पासष्ट," चिमणी म्हणाली.

"भिंत खाऊन टाकेल," काकू म्हणाल्या.

काकांनी मुलीला विचारलं, "चार दिवस घरी लावून बघता येईल?"

"काका, तो रंगाचा डबा नाहीये."

"तेच तर वाईट आहे ना!"

पण घरी येईपर्यंत काकांच्या डोक्यात काहीतरी शिजलं होतं. दुसऱ्या दिवशी काकू बाजारातून आल्या आणि पिशवी हातातून खाली पडली. बाहेरच्या खोलीच्या, स्वतः काकांनीच लोण्यासारख्या गुळगुळीत केलेल्या मलईरंगी भिंतीवर मधोमध एक भलामोठा काळा चौकोन होता. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. दोन हात दिलेले, जराही चमक नाही.

"अहो! काय करून ठेवलंत हे?"

"पासष्ट इंची," काका ब्रश धूत म्हणाले. "बस समोर. चार दिवस बघू."

काकू बसल्या त्या भांडायलाच. पण भांडता भांडता म्हणाल्या, "सोफा फार जवळ आहे. मान वर करावी लागते." सोफा मागे सरकला. चिमणी कामावरून आली, दारातच थबकली आणि इतकी हसली की पर्स खुंटीला लावायची विसरली. तीही बसली. खिडकीतून दुपारचं ऊन नेमकं कुठे पडतं, पडदा जाड हवा की पातळ, दिवा मागे लावावा की बाजूला, यावर तिघांची जुंपली ती जेवणापर्यंत. मग जेवणही तिथेच झालं, काळ्या चौकोनाकडे तोंड करून.

समोरचे शिंपीदादा पँट द्यायला आले. चष्मा दुकानात विसरलेले. "वा! आणलात वाटतं? काय ऐट आहे! लावा की बातम्या."

काका गंभीरपणे म्हणाले, "सध्या बंद आहे."

"पडदा बाकी झकास. जरासुद्धा चमकत नाही हो!" शिंपीदादा बोट लावायला गेले, आणि बोट काळं करून परत आले. काकूंना ठसका लागला. चिमणी सोफ्यावर आडवी झाली.

सोफ्याला एकट्याने ऐकण्याची सवय लागली होती, ती मोडली. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी त्या चौकोनासमोर येऊन टेकायचं, एक आलं की दुसरं यायचं. काकूंनी अर्धवट पाहिलेल्या सिनेमांच्या सुरुवाती तिघं मिळून बनवू लागले. काका आतून सुखावले, पण धाकधूकही होती. ही नव्याची नवलाई. खरा टीव्ही आला आणि दोघींना आवडला नाही, तर पुन्हा आपले डबा, दार आणि सोफा.

"घ्या पासष्ट," शेवटी काकू म्हणाल्या. "आता डोळ्यांना सवय झाली."

टीव्ही आला. बसवणाऱ्या माणसाने खोक्यातून काढला, पट्टी ठोकली, टीव्ही अडकवला आणि मागे सरकला. तिघंही बघत राहिले.

टीव्हीच्या चारी बाजूंनी काळी भिंत उरली होती. चांगली वीतभर नाही, पण दिसण्याइतकी नक्कीच.

"एवढासाच?" काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी टेप काढली, रुंदी मोजली. सत्तावन्नसुद्धा धड भरेना. त्यांनी तडक दुकानात फोन लावला. "अहो, तुम्ही आम्हाला कमी भरलेला टीव्ही दिलात!"

पलीकडून चष्मेवाली मुलगी म्हणाली, "काका, कशी मोजलीत?"

"कशी म्हणजे? आडवी. भिंत मोजतात तशी."

"टीव्ही तिरका मोजतात काका. वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत."

आयुष्यभर काकांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, खिडक्या-दारं वजा केली. तिरकं कोण मोजतं? तिरका रंग कोणी मारला आहे का? त्यांनी टेप तिरकी धरली. बरोबर पासष्ट.

बसवणारा माणूस हसू दाबत निघून गेला. काकूंनी एकदा टीव्हीकडे, एकदा काकांकडे पाहिलं, आणि हे लक्षण काही ठीक नव्हतं. त्या आत गेल्या. चिमणी आपल्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला. काका टेप गुंडाळत सोफ्यावर बसले. झालं. पांगलं पुन्हा.

दार उघडलं. चिमणी बाहेर आली ती हातात गेमचं यंत्र, गळ्यात वायरींचा हार, दातात एक केबल. "बाबा, बसलात काय? ही धरा." पाठोपाठ काकू जाड पडदा घेऊन आल्या. "ऊन आधी झाका हो! आणि आधी सिनेमा. अगदी पहिल्या पाटीपासून. कोणी बोललं तर बाहेर काढेन, तिकीट असलं तरी."

पडदा ओढला, दिवा मालवला. सिनेमा रात्रीच्या प्रसंगाने सुरू झाला, आणि गंमत अशी झाली की टीव्हीची कड कुठे संपते आणि काकांची भिंत कुठे सुरू होते, तेच कळेना. काळ्यात काळं मिसळून गेलं. चित्र नुसतं हवेत उभं राहिल्यासारखं.

"ह्याला चौकटच नाही," काकू हळूच म्हणाल्या. बोलायचं नाही, हा नियम त्यांनीच पहिला मोडला. मग नायक-नायिकेची भेट झाली, भांडण पेटलं, आणि काकूंनी सोफ्यावर हात आपटला. "छत्रीवरून! म्हणजे एका छत्रीवरून भांडले हे! आणि मी इतकी वर्षं समजत होते, की त्याने तिला फसवलं म्हणून!"

सिनेमा संपल्यावर गाड्यांची शर्यत लागली. चिमणी पहिली आली हे ठरलेलंच होतं. पण दुसरा नंबर काकूंचा लागला, आणि काका शेवटच्या वळणावर भिंतीला धडकले. "भिंत दिसली की थांबायची सवय आहे," त्यांनी सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

उरलेली काळी कड बुजवायची, असं काकांनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं. रीतीप्रमाणे खिडकीजवळ तीन रंगांचे तीन तुकडे लावले: मलई, फिकट निळा आणि काकूंच्या आवडीचा लालसर. तिघं रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून त्यावर भांडतात. मलई काकांना हवा, निळा चिमणीला, आणि काकू म्हणतात की काळाच राहू दे, पण लालसर तुकडा मात्र पुसू देत नाहीत. शिंपीदादा आता चष्मा लावून येतात आणि चौथा रंग सुचवतात.

काकांना निकालाची घाई नाही. मी एकदा विचारलं, "काका, कड कधी रंगवणार?" त्यांनी गेमचा रिमोट माझ्या हातात दिला आणि सोफ्यावर सरकून जागा केली.

"बस आधी. रंगाचं असं घाईने ठरवायचं नसतं."